शब्द सापडतो, उत्तर राहून जातं

प्रश्नातले महत्त्वाचे शब्द अधोरेखित करायचे, तेच शब्द उताऱ्यात शोधायचे, आणि जिथे सापडतील तिथलं उत्तर उचलायचं. इंग्रजीच्या वाचन-परीक्षेसाठी ही पद्धत मी कितीतरी वर्षं शिकवली. सांगली-मिरजेतल्या नर्सिंगच्या मुलींना शिकवली, कॅनडाला निघालेल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवली. तिचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत माझ्या विद्यार्थ्यांनी मोजली. आजही गावोगावच्या क्लासमध्ये ती तितक्याच खात्रीने शिकवली जाते, म्हणून हे लिहायला बसले.

माझा संबंध मुख्यतः आयईएलटीएसशी. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज यांची ही परीक्षा १९८९ पासून चालू आहे. आमच्याकडे सगळे तिला 'आयल्ट्स' म्हणतात. तिच्या अ‍ॅकॅडमिक प्रकारात रीडिंगला तीन लांब उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. तिन्ही उतारे मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द होतात. रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. ४० पैकी २३ च्या आसपास उत्तरं बरोबर आली की ६ बँड, ३० च्या आसपास आली की ७. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर रीडिंगला ७ लागतात. म्हणजे साडेसहावर अडकलेली मुलगी दोन-चार उत्तरांनी अडकलेली असते. एकदा परीक्षेला बसायचं तर १५,००० रुपयांहून अधिक फी. खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या करणाऱ्या मुलीचा महिन्याचा पगार बहुतेक त्यातच जातो. त्यामुळे माझ्या चुकीचा हिशेब नुसत्या गुणांत करता येत नाही.

ही सवय मला कुठून लागली हे मागे वळून पाहिलं की स्पष्ट दिसतं. तासगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या पेपरात 'उताऱ्यावरील प्रश्न' हे हमखास गुण मिळवून देणारे प्रश्न होते. आम्हाला शिकवलेली रीत अशी: प्रश्नातला 'व्हाय' किंवा 'व्हॉट' बाजूला काढ, उरलेले शब्द उताऱ्यात कोणत्या ओळीत आहेत ते बघ, आणि ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढ. 'व्हाय' असेल तर सुरुवातीला 'बिकॉज' जोड. उतारा कळला नाही तरी चालायचं. मला तर अनेकदा कळायचा नाही, आणि गुण मात्र पूर्ण मिळायचे. प्रश्न काढणारे उताऱ्यातलेच शब्द प्रश्नात वापरत, म्हणून ती रीत चालून जायची. मी मात्र तिलाच वाचन समजत राहिले. पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, एम.ए. केलं, आणि क्लास सुरू केला तेव्हा तीच रीत नवं नाव देऊन फळ्यावर लिहिली. ते नाव 'की-वर्ड टेक्निक'.

त्या टेक्निकच्या मी नोट्स काढल्या होत्या. प्रत्येक प्रश्नप्रकारासाठी कोणते शब्द अधोरेखित करायचे, ते किती सेकंदांत शोधायचे, असा तक्ता होता. 'उतारा वाचू नका, थेट प्रश्नांकडे जा' हे वाक्य मी ठळक अक्षरांत वरच छापलं होतं. मुलांना ते फार आवडायचं. इंग्रजी वाचायची भीती असलेल्या मुलाला न वाचता उत्तर मिळेल असं कुणी सांगितलं तर त्याला सुटल्यासारखं वाटतं. त्या दिलाशामुळेच माझा क्लास चालला, हे मला मान्य केलं पाहिजे.

आता ही रीत नेमकी कुठे फसते ते सांगते. त्यासाठी मी स्वतः तयार केलेला एक सरावाचा उतारा घेते. पुढे वर्गात तो मी अनेकदा वापरला. विषय १८५४ मधली लंडनची कॉलऱ्याची साथ. सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून रोग पसरतो आहे, असं डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिलं आणि स्थानिक मंडळाला पंपाचं हँडल काढायला लावलं. ८ सप्टेंबरला हँडल काढलं गेलं. तोवर साथ ओसरू लागली होती, कारण घाबरून बरेच रहिवासी तो भाग सोडून गेले होते; ही गोष्ट खुद्द स्नो यांनीही नोंदवली आहे. या मजकुरावर मी एक विधान दिलं: 'पंपाचं हँडल काढल्यानंतर साथ ओसरू लागली.' ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन?

जवळजवळ सगळा वर्ग 'ट्रू' म्हणाला. पंप, हँडल, साथ, ओसरणं, सगळे की-वर्ड एकाच ठिकाणी सापडले होते. माझ्याच शिकवणीप्रमाणे त्यांनी ते अधोरेखित केले होते आणि माझ्याच शिकवणीप्रमाणे तिथे थांबले होते. विधानाचा निकाल लावणारा शब्द होता 'आफ्टर', आणि त्याच्यासमोर उताऱ्यात होतं 'ऑलरेडी'. ते दोन्ही शब्द कुणीही अधोरेखित केले नव्हते. का करतील? माझ्या तक्त्यात नामं होती, विशेषणं होती, आकडे होते. 'आफ्टर', 'बिफोर', 'ओन्ली', 'ऑल', 'मोस्ट', 'सम', 'मे', 'अनलेस' हे शब्द मी 'छोटे शब्द, दुर्लक्ष करा' या रकान्यात टाकले होते. ट्रू-फॉल्सच्या प्रश्नांत बहुतेक वेळा याच शब्दांवर निकाल ठरतो.

नर्सिंगच्या मुलींचा या उताऱ्यात आणखी एक घात झाला. जॉन स्नोची गोष्ट त्यांनी सामाजिक आरोग्याच्या विषयात वाचलेली असते, आणि ती थोडक्यात अशीच सांगितली जाते की हँडल काढलं आणि कॉलरा थांबला. ओळखीचे शब्द दिसले की ओळखीची गोष्ट आठवते आणि समोरचं वाक्य वाचायचं राहून जातं. की-वर्डने डोळा त्या ओळीवर नेला, पण उत्तर मुलींनी आपल्या आठवणीतून दिलं.

त्याच उताऱ्यावर दुसरं विधान होतं: 'पंपाजवळच्या रहिवाशांनी स्नो यांच्या सूचनेला विरोध केला.' उताऱ्यात रहिवासी होते, स्नो होते, पंपही होता. विरोधाबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. उत्तर 'नॉट गिव्हन'. माझे विद्यार्थी इथे ट्रू आणि फॉल्स यांमध्ये हेलकावे खात राहायचे, कारण शब्द सापडले म्हणजे उत्तर तिथे असणारच, असं मीच त्यांच्या मनावर बिंबवलं होतं. 'नॉट गिव्हन' ओळखायला आधी उताऱ्यात काय म्हटलं आहे ते कळावं लागतं. शब्द शोधून ते कळत नाही.

याच्या उलटही व्हायचं. बरोबर उत्तर जिथे असायचं तिथे की-वर्ड सापडायचाच नाही. प्रश्नात 'फार्मर्स' असायचं आणि उताऱ्यात 'जमीन कसणारे लोक' अशा अर्थाची वाक्यरचना. प्रश्नात 'महाग', उताऱ्यात 'फार थोड्यांना परवडणारं'. ही परीक्षा मुद्दाम तशी रचलेली असते: बरोबर उत्तर वेगळ्या शब्दांत मांडलेलं, आणि प्रश्नातलाच शब्द जसाच्या तसा भलत्या परिच्छेदात. यात फसवणूक नाही. तुम्हाला अर्थ कळतो का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. पण माझे विद्यार्थी पेन्सिल घेऊन ओळींवरून फिरत राहायचे, 'मॅडम, शब्दच नाहीये' म्हणायचे, आणि एका प्रश्नावर पाच-सात मिनिटं घालवायचे. ६० मिनिटांत ४० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट.

इतकं दिसत असूनही मी पद्धतीला दोष दिला नाही, मुलांना दिला. 'तुझी व्होकॅब्युलरी कमी पडते' हे मी किती जणांना म्हटलं असेन! मग समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. ड्युटी संपवून बसने येणाऱ्या मुलींनी त्या बसमध्ये पाठ केल्या. गुण फारसे हलले नाहीत, कारण यादीतला समानार्थी शब्द परीक्षेत त्याच रूपात क्वचितच येतो. बहुतेक वेळा अख्खं वाक्यच फिरवून लिहिलेलं असतं. या काळात माझ्याकडून सर्वांत मोठा अन्याय झाला असेल तर तो हाच. मेहनती मुलींना मी त्या कमी आहेत असं वाटायला लावलं.

माझे डोळे एका सिस्टरमुळे उघडले. मिरजेत आयसीयूत काम करणारी, कामात अतिशय हुशार मुलगी. रीडिंगला पुन्हा साडेसहा आले म्हणून ती भेटायला आली. सरावाचा पेपर समोर घेऊन आम्ही बसलो, आणि मी सहज विचारलं, 'हा उतारा कशाबद्दल आहे, ते मराठीत सांग बघू.' तिने त्यावरचे बरेच प्रश्न सोडवले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, ते नाही सांगता येणार. तुम्हीच सांगितलं होतं ना, उतारा वाचायचा नाही म्हणून.' तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने माझी सूचना तंतोतंत पाळली होती. पेशंटच्या केस-पेपरातली एक ओळही न चुकवणारी मुलगी इथे पानभर मजकुरावरून शब्द वेचत फिरत होती, आणि ते मी तिला शिकवलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघींनी तो उतारा पहिल्यापासून वाचला. विषय पेनिसिलिन. एका परिच्छेदाला शीर्षक निवडायचं होतं. परिच्छेद सुरू होतो तो १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना बुरशीचा गुणधर्म योगायोगाने दिसला, या वाक्याने. तिने 'एक अपघाती शोध' हे शीर्षक निवडलं होतं. फ्लेमिंग, १९२८, शोध, सगळे शब्द पहिल्याच ओळीत. पण दुसऱ्या वाक्यात 'हाउएव्हर' येतो, आणि तिथून शेवटपर्यंत परिच्छेद ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या चमूबद्दल बोलतो. औषध पुरेसं बनवता येत नव्हतं, बुरशी वाढवायला त्यांनी रुग्णालयातले बेडपॅनसुद्धा वापरले. १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला, एका पोलिसाला, औषध दिल्यावर उतार पडू लागला. औषध अपुरं पडलं म्हणून त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्याला दिलं, आणि शेवटी तेही संपलं तेव्हा तो दगावला. योग्य शीर्षक होतं ते औषधाच्या तुटवड्याबद्दलचं. वाचता वाचता ती म्हणाली, 'हे किती भारी आहे, मॅडम! मला तर हे दिसलंच नव्हतं.' मलाही ते तोवर दिसलं नव्हतं. तो उतारा मी कित्येक बॅचना दिला होता, त्याची उत्तरपत्रिका मला तोंडपाठ होती, पण त्या पोलिसाचं काय झालं हे मी तिच्यासोबत पहिल्यांदाच नीट वाचत होते.

यानंतर मी शहाणी झाले असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. पण पुढच्या बॅचला मी दुसऱ्या टोकाला गेले. की-वर्ड हा शब्दच वर्गात बंद केला. 'आधी सगळा उतारा शांतपणे, समजून वाचा, मग प्रश्न बघा,' असं सांगितलं. मुलांनी तसं केलं आणि मॉक टेस्टमध्ये तिसरा उतारा, बहुधा तिन्हींतला सर्वांत कठीण, अर्धा कोरा राहू लागला. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे कोरी जागा हे निव्वळ नुकसान. काही जण नाराज होऊन क्लास सोडून गेले. त्यांचं चुकलं नव्हतं. आधी नुसता शोध शिकवला होता, आता नुसतं वाचन. शोधून झाल्यावर वाचायचं असतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नव्हतं.

आता की-वर्डला मी एवढंच काम देते: मजकुरात कुठे जायचं ते दाखवणं. त्यासाठी शब्द निवडायचे ते न बदलणारे. माणसांची आणि ठिकाणांची नावं, सनावळ्या, आकडे, शास्त्रीय संज्ञा. 'ब्रॉड स्ट्रीट' कुणी दुसऱ्या शब्दांत लिहीत नाही, '१८५४' फार तर 'शतकाच्या मध्याला' होईल. प्रश्नात असा एकही शब्द नसेल तर शोधत बसायचं नाही. ट्रू-फॉल्ससारख्या प्रकारांत प्रश्न उताऱ्याच्याच क्रमाने येतात, तेव्हा मागच्या उत्तराच्या पुढे आणि पुढच्या उत्तराच्या आधी कुठेतरी ते वाक्य असतं, हे धरून चालायचं. कोणता परिच्छेद कोणत्या माहितीचा, असं विचारणाऱ्या प्रश्नांना हा क्रम लागू नसतो. ते शेवटी सोडवायचे, तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं कोणत्या परिच्छेदात साधारण काय आहे ते पाहण्यात घालवली तर ती वाया जात नाहीत.

जागा सापडली की पेन्सिल खाली ठेवायची आणि ते वाक्य, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, अशी तिन्ही पूर्ण वाचायची. मग प्रश्नातलं विधान आणि उताऱ्यातलं वाक्य मराठीत समोरासमोर ठेवायचं: कोण, काय, केव्हा, किती, आणि किती खात्रीने. पाचांपैकी एखाद्या जागी दोघांत विरोध असेल तर 'फॉल्स'. एखाद्या जागी उतारा काहीच बोलत नसेल तर 'नॉट गिव्हन'. विद्यार्थ्याने 'नॉट गिव्हन' म्हटलं की मी विचारते, 'उताऱ्यात काय असतं तर हे ट्रू झालं असतं?' ते सांगता आलं तरच उत्तर धरते. इंग्रजीच्या वर्गात मराठी कशाला, असं काही पालक विचारतात. वाक्य कळलं की नाही हे तपासायला मुलाची स्वतःची भाषा हाच सर्वांत खरा मार्ग आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. परीक्षेत वेळ नसतो हे खरं, पण सराव करताना हे पुरेसं झालं की परीक्षेत ते मनातल्या मनात होतं.

आधीच्या ज्ञानाचा धोका मात्र अजूनही सुटत नाही. केंब्रिजच्या सराव-पुस्तकांच्या दहाव्या खंडात पहिलाच उतारा भारतातल्या पायऱ्यांच्या विहिरींवर आहे. आमच्या मुलांना तो वाचताना आनंद होतो, कारण बारव त्यांनी पाहिलेली असते. आणि तिथेच ती चुकतात. लेखकाने गुजरात-राजस्थानबद्दल काय म्हटलं आहे ते सोडून गावच्या बारवेबद्दल जे ठाऊक आहे त्यावरून उत्तर देतात. की-वर्ड बरोबर सापडलेले असतात. म्हणून आता असा ओळखीचा उतारा मी मुद्दाम आधी देते आणि प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातले नेमके शब्द लिहून मागते.

या सगळ्याने माझ्या वर्गाची गती कमी झाली आहे. पहिल्या काही आठवड्यांत गुण वाढत नाहीत, कधी खालीही येतात, आणि तेव्हा मुलांना धरून ठेवणं अवघड जातं. एका तासात एकच परिच्छेद होतो. 'झटपट युक्ती सांगा' म्हणणारे दुसरीकडे जातात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण तिकडे त्यांना माझीच जुनी पद्धत शिकवली जाते. ती सिस्टर पुढे सात बँड घेऊन गेली. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. ती रोज रात्रपाळीनंतर एक लेख वाचायची, प्रश्नांशिवाय, आणि त्याचा सारांश घरी आईला मराठीत सांगायची. ही कल्पना तिची होती, मी ती नंतर इतरांना सांगितली.

माझ्या त्या जुन्या नोट्सच्या झेरॉक्स आणि पीडीएफ अजून फिरत आहेत. वर माझं नाव नाही, फक्त 'रीडिंग की-वर्ड चार्ट' असं शीर्षक आहे आणि 'उतारा वाचू नका, थेट प्रश्नांकडे जा' हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. तो तक्ता तुमच्याकडे असेल, किंवा तुमच्या मुलीला कुणी दिला असेल, तर तो वापरू नका, पुढे पाठवू नका.